चुकीचे व्याकरण

व्याकरणाविषयी आपल्याकडे दोन मते आहेत आणि ती एकाच घरात सुखाने नांदतात. हिंगोलीच्या एखाद्या अभ्यासिकेत तलाठी भरतीची तयारी करणारा तरुण पहिले मत धरून बसलेला असतो: व्याकरण म्हणजे नियम, आणि नियम पाठ झाले की भाषा पक्की झाली. त्याच्या धाकट्या बहिणीला शिकवणाऱ्या गुरुजींच्या कानावर दुसरे मत पडते: व्याकरण रुक्ष, भाषा ऐकून आणि बोलून येते, नियम काढले की मूल गप्प होते. पहिले मत जुने म्हणून बदनाम आहे, दुसरे नवे म्हणून लाडके आहे.

माझ्या मते दोन्ही उथळ आहेत आणि दोघांच्या उथळपणाचे कारण एकच आहे. व्याकरण पुस्तकात असते असे दोघेही धरून चालले आहेत. एकाला ते पुस्तकातून मुलाच्या डोक्यात भरायचे आहे, दुसऱ्याला ते पुस्तकातच मिटून ठेवायचे आहे. प्रत्यक्षात मूल शाळेच्या पायरीवर पाऊल ठेवते तेव्हा एक संपूर्ण व्याकरण त्याच्या तोंडात असते. ते त्याचे त्याला दिसेल असे करणे हे शाळेचे पहिले काम, आणि त्या दिसलेल्या व्याकरणावरून त्याला प्रमाण मराठीकडे, लेखनाकडे आणि परक्या भाषेकडे नेणे हे दुसरे. हे म्हणणे आता टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. व्याकरण असते कुठे?

पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच एक साधी गोष्ट सांगून ठेवली आहे. घडा हवा असेल तर माणूस कुंभाराकडे जातो आणि घडवून मागतो. शब्द वापरायचे असतील तेव्हा मात्र कोणी वैयाकरणाच्या दारात जाऊन शब्द करून मागत नाही. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांच्या व्याकरणावर भाष्य करायला बसलेला हा पंडित आधीच कबूल करतो की भाषा वापरणाऱ्यांची असते आणि वैयाकरण ती न्याहाळतो. त्यानंतर दोन हजार वर्षांहून अधिक काळ लोटला आणि आमच्या शाळांनी कुंभाराचे दुकान थाटले.

पहिलीत न गेलेल्या मुलाला काय काय येते ते पाहू.

'आपण औंढ्याच्या जत्रेला जाऊ' आणि 'आम्ही औंढ्याच्या जत्रेला जाऊ' यांत ऐकणारा धरला आहे की वगळला आहे, हा भेद त्याला येतो. हिंदीच्या 'हम'मध्ये हा भेद नाही, इंग्रजीत नाही, तेलुगूत आहे. चार वर्षांचे पोर दुसरे वाक्य ऐकताच भोकाड पसरते, कारण आपल्याला घरी ठेवणार आहेत हे त्याला सर्वनामावरून कळलेले असते.

'तू आंबा खाल्लास', 'तू चिंच खाल्लीस', 'तू केळं खाल्लंस' या वाक्यांत क्रियापदाचा मधला भाग खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतो आणि शेवटचा 'स' खाणाऱ्याकडे बोट दाखवतो. पुस्तकात याला कर्तृ-कर्मसंकर म्हणतात. बोलण्यात हा 'स' पुष्कळदा गळतो, पण चिंचेचे लिंग गळत नाही. ज्या आजीने कर्तृ-कर्मसंकर हा शब्द जन्मात ऐकला नाही, तिच्या तोंडून 'तू चिंच खाल्लास' हेही जन्मात बाहेर पडलेले नसते.

याहून बारीक उदाहरण घ्या. मुलगा म्हणतो, 'मी छत्री विसरलो'. तोच मुलगा म्हणतो, 'मी छत्री हरवली'. दोन्ही क्रियापदे सकर्मक, दोन्ही भूतकाळी, छत्री तीच. तरी 'विसरणे' मुलाच्या मागे जाते आणि 'हरवणे' छत्रीच्या मागे. 'धडा शिकलो' आणि 'धडा वाचला' यांतही हेच घडते. असे का, हे त्याला सांगता येणार नाही, पण त्याची चूकही होत नाही.

उसन्या शब्दांचे पाहा. 'ती लिंक', 'तो पासवर्ड', 'ते तिकीट'. लिंक स्त्रीलिंगी धरावी असा ठराव कोणत्याही ग्रामसभेने केलेला नाही, तरी ती गावात आली तीच 'ती' होऊन. अमेरिकेत १९५८ साली जीन बर्को यांनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून 'वग' हे बनावट नाव सांगितले. चित्रात असे दोन प्राणी आले तेव्हा मुलांनी आपण होऊन त्यांना 'वग्ज' म्हटले. कधी न ऐकलेल्या शब्दाला नियम लावून दाखवणे हे पाठांतराचे काम नव्हे. नियम आत असल्याशिवाय ते होत नाही.

२. एका नावाखाली तीन गोष्टी

असे असताना 'याचे व्याकरण कच्चे आहे' हे वाक्य आपण इतक्या सहज कसे उच्चारतो? कारण 'व्याकरण' या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत.

(अ) तोंडातले व्याकरण: बोलणाऱ्याच्या अंगवळणी पडलेली व्यवस्था. वरची सगळी उदाहरणे याची.

(आ) पुस्तकातले व्याकरण: त्या व्यवस्थेचे कोणीतरी केलेले वर्णन. वर्णन चांगले असेल किंवा वाईट. ते बदलता येते, त्यावर वाद घालता येतो.

(इ) रीतीचे व्याकरण: समाजाने लेखी आणि औपचारिक व्यवहारासाठी ठरवलेले संकेत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. 'कवी' एकटा असताना दीर्घ आणि 'कविसंमेलना'त गेला की ऱ्हस्व, हे त्यातलेच. संकेत गरजेचे असतात, जसे रस्त्यावर डाव्या बाजूने चालणे. पण डावी बाजू निसर्गाने नेमून दिलेली नसते.

या तिन्हींची गल्लत वर्गात किती महाग पडते ते एका वहीच्या पानावर दिसेल. समजा, तीन मुलांनी तीन वाक्ये लिहिली. एकाने लिहिले, 'मी भाकर खाल्लो'. दुसऱ्याने 'माणुस' हा शब्द ऱ्हस्व उकार देऊन लिहिला. तिसऱ्याने लिहिले, 'बाबा शेतात काम करायलाय'. गुरुजी तिन्हींभोवती लाल शाईने सारखाच गोल काढतात. वास्तविक पहिल्या मुलाने दुसऱ्या एका भाषेची व्यवस्था मराठीला लावली आहे. दुसऱ्याने लेखनाचा संकेत मोडला आहे. तिसऱ्याने काहीच मोडलेले नाही. त्याने आपल्या बोलीचा नियम काटेकोर पाळला आहे. तीन वेगळ्या दुखण्यांवर, आणि त्यातले एक तर दुखणेच नाही, एकच गोळी देणारा डॉक्टर आपण चालवून घेणार नाही. भाषेच्या तासाला तो रोज चालतो.

३. साचा कोणासाठी होता?

ही गल्लत कोठून आली? त्यासाठी आपली व्याकरणे कोणासाठी लिहिली गेली हे पाहायला हवे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोंकणी व्याकरण १६४० साली गोव्यात राशोल येथे छापले गेले, ते मिशनऱ्यांच्या उपयोगाचे होते. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली सेरामपूरहून निघाले. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या अधिकाऱ्यांना मराठी शिकवत. या वाचकांना मराठी येत नव्हती. त्यांना व्याकरणाच्या दारातूनच आत यायचे होते, तेव्हा प्रत्ययांचे तक्ते आणि रूपांच्या याद्या त्यांच्यासाठी योग्यच होत्या.

१८३६ हे वर्ष निराळे. त्या वर्षी दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आले, बाळशास्त्री जांभेकरांचे 'बालव्याकरण'ही आले. आता वाचक झाला मराठी मुलगा, ज्याला मराठी येतच होती. गिऱ्हाईक बदलले, माल तोच राहिला. जो घरात राहतो त्याला घराचे दार कुठे आहे ते शिकवायचे, की घर बांधले कसे ते दाखवायचे, हा प्रश्न तेव्हा नीट विचारला गेला नाही आणि शाळेत तो अजूनही विचारला जात नाही.

साचेही बाहेरचे होते. प्राचीन निरुक्तकार यास्काने पदांच्या चार जाती मानल्या होत्या. आपण शाळेत आठ शिकतो, त्या इंग्रजी वळणाच्या. विभक्तीचा तक्ता संस्कृतचा. 'स, ला, ते; स, ला, ना, ते' हे पालुपद शाळा सोडून चाळीस वर्षे झालेल्या माणसालाही आठवते. पण ते द्वितीयेचे की चतुर्थीचे? दोन्हींचे. संस्कृतात ती रूपे वेगळी होती म्हणून नावे दोन. मराठीत प्रत्यय तेच, तरी कप्पे दोन. ज्या मुलाला हे खटकते आणि जो तसे विचारतो, तो खरे तर वर्गातला सर्वांत चांगला वैयाकरण. त्याला उत्तर मिळते: 'पाठ कर'.

विद्वानांना या अडचणी दिसल्या नाहीत असे मुळीच नाही. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त आधीच्यांची मते घेऊन त्यांवर पानेच्या पाने खल केला. अरविंद मंगरूळकरांनी १९६४ साली 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' केला. कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी तर १९८७ साली आपल्या पुस्तकाचे नावच 'मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद' ठेवले. म्हणजे वरच्या मजल्यावर दीडशे वर्षे कडाक्याचे भांडण चालू आहे आणि तळमजल्यावर मुलांना सांगितले जाते की सगळे ठरलेले आहे. व्याकरणातला रस त्या भांडणात आहे. तो काढून घेऊन आपण मुलांना चोथा देतो आणि मग व्याकरण रुक्ष आहे अशी तक्रार करतो.

चोथ्याला बाजार आहे हेही खरे. तलाठी भरतीच्या शंभर प्रश्नांपैकी पंचवीस मराठीचे, गुण पन्नास. मो. रा. वाळंबे यांचे व्याकरणाचे पुस्तक अभ्यासिकेतल्या जवळपास प्रत्येक टेबलावर असते, आणि ते वाचणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. नोकरीचा प्रश्न आहे. मात्र चार पर्यायांतून जे मोजता येते तेच अशी परीक्षा विचारते, आणि सर्वांत सोपे मोजता येते ते नाव. 'तू कविता म्हटलीस' याचा प्रयोग ओळखणारा उमेदवार पीकविम्याच्या तक्रारीचा अर्ज तहसीलदाराला एकाच अर्थाने कळेल असा लिहू शकेल, याची हमी त्या गुणांत नाही.

४. एका वर्गात तीन व्याकरणे

आता हिंगोली. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी वरचे शिक्षण उर्दूतून, १९१८ सालचे उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. पुण्यामुंबईकडे प्रमाण मराठी शाळेतून आणि कचेरीतून तीन-चार पिढ्या मुरत होती, तेव्हा इथे सरकारदरबारची भाषा वेगळी होती. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला, पण त्या पाहणीत हैदराबाद संस्थान धरलेलेच नव्हते. मराठीच्या बोलींची पहिली मोठी मोजदाद झाली तेव्हा इथल्या कयाधू नदीच्या काठच्या माणसाला कोणी विचारायलाच आले नाही. प्रमाणाच्या आरशात आपली बोली न दिसण्याची सवय या भागाला इतकी जुनी आहे.

सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या शाळेत गावची मुले, तांड्यावरची मुले आणि मोहल्ल्यातली मुले शेजारी शेजारी बसतात. म्हणजे त्या वर्गात निदान तीन व्याकरणे बसलेली असतात.

पहिले, मराठवाडी. 'काय करायलास?' या प्रश्नाला मुलगा 'करायलोय' म्हणतो, मुलगी 'करायलेय' म्हणते. तो 'करायलाय', ती 'करायलीय'. पुरुष, लिंग, वचन सगळे जागच्या जागी. आता गंमत पाहा. 'ती भाकरी करायला बसली' यात 'करायला' हलत नाही. 'ती भाकरी करायलीय' यात हलते. 'करायली बसली' असे या पट्ट्यात कोणीही म्हणत नाही. दिसायला जुळी रूपे, पण एक हेतू सांगते आणि एक चालू क्रिया, आणि बोली त्यांना अचूक वेगळे ठेवते. 'आपला'च्या वळणावर बेतलेले 'मपला' आणि 'तुपला' मराठवाड्याच्या खेड्यांत अजून ऐकू येतात. तो साचा ओळखून त्यात नवे शब्द ओतण्याचे काम कोण्या पंडिताने केलेले नाही. हे जर व्याकरण नसेल तर व्याकरण कशाला म्हणायचे?

दुसरे, बंजारा तांड्यावरची गोरबोली. तिच्यात लिंगे दोन. 'ते घर', 'ते झाड', 'ते पुस्तक' यांतला नपुंसकाचा कप्पा तांड्यावरच्या मुलीला नवा आहे. मराठी घरातल्या मुलाला जे न शिकवता येते ते तिला शिकावे लागते.

तिसरे, दखनी. तिच्यातही लिंगे दोन, आणि 'मैं रोटी खाया' या वाक्यात क्रियापद खाणाऱ्याच्या मागे जाते. 'मी भाकर खाल्लो' लिहिणारा मुलगा हाच. त्याच्या चुकीत पूर्ण तर्क आहे. आणि व्याकरण एकाच दिशेने वाहते असेही नाही: जोर द्यायचा 'च' दखनीने मराठीकडून उचलला आणि 'मैंइच' केले.

या तिघांना एकच धडा एकाच पद्धतीने शिकवणे म्हणजे समान वागणूक देणे नव्हे. पहिल्याला 'ते घर' शिकवणे वेळेचा अपव्यय, दुसरीला न शिकवणे अन्याय.

५. कोणाला, कशासाठी, किती?

'व्याकरण शिकवावे की नाही' हा प्रश्न असा मोघम विचारला की उत्तरही मोघमच येते. तो फोडून विचारू.

(अ) स्वभाषेत बोलण्यासाठी. काही शिकवायला नको. इथे व्याकरणाचा उपयोग आत्मज्ञानाचा: आपल्याला किती येते ते कळणे. ज्याच्या बोलीला आयुष्यभर गावंढळ म्हटले गेले त्याच्यासाठी हे ज्ञान लहान नाही.

(आ) लिहिण्यासाठी. इथे पुष्कळ लागते, कारण वाचणारा समोर नसतो. 'मी पळताना कुत्रा पाहिला' हे तोंडी सांगताना कोण पळत होते ते हातवाऱ्यांनी कळते. कागदावर 'पळणारा कुत्रा' की 'मी पळत असताना' हे वाक्यरचनेनेच ठरवावे लागते. पण नावे पाठ करून हे येत नाही. नुसते औपचारिक व्याकरण शिकवल्याने निबंधलेखन सुधारत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेत १९६३ सालीच एका पाहणीने काढला होता. उलट, प्रत्यक्ष लिहिताना वाक्याची निवड दाखवणारे व्याकरण शिकवले तेव्हा लेखन सुधारले, असे एक्झेटर विद्यापीठातल्या संशोधकांना २०१२ साली आढळले. फायदा मात्र आधीच बरे लिहिणाऱ्यांना अधिक झाला. म्हणजे प्रश्न व्याकरणाचा नसून ते कशाला जोडले याचा आहे.

(इ) परक्या भाषेसाठी. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. इथे नियम वेळ वाचवतो, पण तोही आपल्या भाषेशेजारी ठेवला तर. 'तो म्हणाला की मी येतो' या वाक्यात 'की'नंतर मराठी माणूस बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. म्हणून आमची मुले 'ही सेड दॅट आय ॲम कमिंग' म्हणतात आणि येणारा कोण यावर इंग्रजी ऐकणारा गोंधळतो. ही चूक शंभरदा खोडल्याने जात नाही. दोन्ही वाक्ये शेजारी मांडून 'की'चा स्वभाव एकदा दाखवला की तिचे मूळ हाती लागते. दादोबांच्या नव्हे, दुसऱ्या एका तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या इंग्रजी शिकल्या त्याचे एक कारण हेच असावे. ती पद्धत कंटाळवाणी होती, पण दोन भाषा समोरासमोर ठेवण्याची तिची मूळ कल्पना भक्कम होती.

नियम न सांगता भाषा येते, हे भारतातच तपासून पाहिले गेले आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत व्याकरण न शिकवता, मुलांना नकाशे, वेळापत्रके अशी कामे देऊन इंग्रजी शिकवले. मूल्यमापनात अर्थावर भर देणाऱ्या चाचण्यांत त्यांचे वर्ग सरस ठरले, रचनेच्या चाचणीत पारंपरिक वर्ग. ज्याने जे पेरले ते उगवले. यावरून नियम निरुपयोगी ठरत नाहीत आणि अर्थही निरुपयोगी ठरत नाही.

६. चुकीचा धडा

मग वर्गात करायचे काय? एक तास असा घेता येईल.

फळ्यावर दोन रांगा. पहिलीत चिंच, वीट, सून, माळ. दुसरीत भिंत, विहीर, बहीण, जमीन. मुलांनी अनेकवचन सांगायचे. पहिली रांग: चिंचा, विटा, सुना, माळा. दुसरी: भिंती, विहिरी, बहिणी, जमिनी. आता एकवचनी शब्दाला 'ला' लावा. पहिली रांग: चिंचेला, विटेला, सुनेला, माळेला. दुसरी: भिंतीला, विहिरीला, बहिणीला, जमिनीला. काय दिसते? ज्याचे अनेकवचन 'आ'वर संपते त्याला 'ए' येतो, ज्याचे 'ई'वर संपते त्याला 'ई'. हा नियम मुले स्वतः काढतात. त्यांनी तो आयुष्यभर पाळलेला असतो. आज त्यांना तो प्रथम दिसतो.

पुढे जा. हळदीच्या जिल्ह्यात 'हळद' घ्यावीच. तिचे अनेकवचन कोणी करत नाही, तरी वसमतच्या बाजारात 'हळदीला' भाव मिळतो, 'हळदेला' नाही. म्हणजे ज्या शब्दाचे अनेकवचन नाही तोही मुलाच्या डोक्यात कोणत्यातरी रांगेत उभा आहे.

आणखी पुढे. वीट-विटा, सून-सुना, विहीर-विहिरी: मागून एक अक्षर लांबले की आधीचा ईकार-ऊकार आखडतो. मोठ्याने म्हणून पाहा, कान सांगतो. शुद्धलेखनाचा जो नियम पाठ करूनही चुकतो तो इथे कानातून सापडतो.

आता एखादे मूल 'चूक' हा शब्द आणील. अनेकवचन चुका. नियमाने 'चुकेला' हवे. पण सगळा वर्ग ओरडतो, 'चुकीला'! नियम मोडला, आणि तो मोडला 'चूक' या शब्दानेच. इथे शिक्षकाने फळा पुसू नये. नियम टाकायचा की सुधारायचा? असे आणखी शब्द आहेत का? उद्या घरून शोधून आणा. दामले आणि मंगरूळकर ज्या कामात आयुष्य घालवत होते ते काम पाचवीतले मूल त्या क्षणी करू लागते.

आणि मग, शेवटी, नाव सांगावे: या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. आधी जन्म, मग बारसे. आपल्या शाळा बारसे आधी उरकतात आणि पाळणा रिकामाच हलवत बसतात.

तांड्यावरच्या मुलीसाठी त्याच फळ्यावर तिसरी रांग उघडावी: 'तुझ्या घरी याला काय म्हणतात? दोन असले तर?' शिक्षकाला गोरबोली यायला हवी असे नाही. ती मुलगी त्या तासापुरती त्या विषयातली जाणकार असते, आणि मराठीचा नपुंसकाचा कप्पा आपल्या घरी नाही हे तिचे तिला उमगते. जे वेगळे आहे ते उमगले की शिकणे सोपे जाते.

७. चार आक्षेप

पहिला: 'नामदेवांनी कुठे व्याकरण शिकले होते?' जिल्ह्यातल्या नर्सीला जन्मस्थान मानले जाते ते नामदेव शिंपी घरातले. त्यांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि ती मराठीत नाहीत. म्हणजे दुसरी भाषाही त्यांनी व्याकरणाच्या पुस्तकावाचून कमावली. उदाहरण खरे आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे. व्याकरण पुस्तकाबाहेर असते याचा याहून मोठा पुरावा नाही. मात्र नामदेव उत्तरेत त्या भाषेत वर्षानुवर्षे राहिले. आमच्या मुलीला इंग्रजीचा मिळतो तो एक तास, आणि तिचे आईबाप ऊसतोडीला गेले तर तोही बुडतो. ज्याला भाषेत राहायला मिळते त्याने नियमांवाचून शिकावे. ज्याला मिळत नाही त्याला 'आपोआप येईल' म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

दुसरा: 'बोलीलाही व्याकरण आहे म्हटले की प्रमाण मराठी कोण शिकेल?' जो दोन्हींतला फरक पाहील तो शिकेल. 'करायलाय' अशुद्ध म्हटल्याने 'करत आहे' येत नाही. मूल बोलायचे थांबते एवढेच. वहीच्या पानाला मधोमध रेघ मारून एकीकडे घरचे रूप आणि दुसरीकडे पुस्तकातले रूप लिहिले तर एकाकडून दुसऱ्याकडे जायची वाट दिसते. प्रमाण भाषेचा अधिकार सामाजिक आहे, म्हणजे खरा आहे: अर्ज, परीक्षा, कोर्ट तिच्यात चालतात. ती मुलाला न देणे हाही अन्यायच. पण देण्यासाठी त्याच्या जवळचे हिसकावून घ्यावे लागत नाही.

तिसरा: 'शिक्षकाला एवढे कुठे येते, आणि वेळ कुठे आहे?' हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळायच्या, त्यात सरकारी माहिती भरत बसायची. अशा ठिकाणी नवे काही सांगणाऱ्याने आधी जुने काय काढणार ते सांगावे. मी तक्त्याचे पालुपद काढतो. तेवढ्या वेळात आठवड्याला फळ्यावरच्या दोन रांगा बसतात. त्यासाठी भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. कान लागतो, आणि 'मलाही माहीत नाही, शोधू' म्हणायची तयारी लागते. दुसरी गोष्ट अवघड आहे हे मान्य.

चौथा: 'आता फोनच चुका दुरुस्त करतो.' करतो, आणि 'करायलाय'खाली लाल रेघही ओढतो. गुरुजींची शाई यंत्रात गेली, एवढाच फरक झाला. कोणती दुरुस्ती स्वीकारायची आणि कोणती नाकारायची हे ठरवायला तीन प्रकारच्या 'चुका' वेगळ्या ओळखता याव्या लागतात. उलट यंत्रामुळे ही नजर अधिकच गरजेची झाली.

८. प्रश्न बदलून पाहा

अभ्यासक्रम बदलायला वर्षे जातात. प्रश्नपत्रिका एका रात्रीत बदलते, आणि वर्ग प्रश्नपत्रिकेच्या मागे चालतो. म्हणून माझी मागणी लहान आहे. 'प्रयोग ओळखा' या प्रश्नाच्या जागी असे विचारा: ''मी छत्री विसरलो' आणि 'मी छत्री हरवली' यांत क्रियापदे वेगळी का वागतात? 'विसरणे'सारखी आणखी दोन क्रियापदे शोधा.' किंवा: 'तुमच्या घरच्या बोलीतले एक वाक्य लिहा, त्याचे प्रमाण रूप लिहा, आणि काय काय बदलले ते सांगा.' असे प्रश्न गाइडमधून पाठ करता येत नाहीत. ते मुलाला त्याच्याच तोंडाकडे पाहायला लावतात.

आणि एक गोष्ट त्या फळ्यावरून विसरू नये. 'चूक' या शब्दाने नियम मोडला तरी 'चुकीला'भोवती कोणी लाल गोल काढत नाही. का? तर सगळे गाव तसेच बोलते, म्हणून ते बरोबर. मग 'करायलाय'चे काय? तिथेही सगळे गाव तसेच बोलते. फक्त ते गाव हिंगोलीकडचे आहे.